टॉनिक नंतर, आधी बैठक

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातून एका आईनं लिहिलेलं पत्र, थोडं आटोपतं करून:

"माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सी. मान नीट धरत नाही, हातपाय ताठ होतात, बोलत नाही. पण समजतं सगळं. वजन 11 किलो. एका जेवणाला सव्वा तास जातो. दोन-तीन घासांनंतर ठसका, मग डोळ्यांत पाणी. गेल्या पावसाळ्यापासून तीनदा न्यूमोनिया झाला. सासूबाई त्याला पायांवर आडवं घेऊन बोंडल्यानं पातळ पेज पाजतात, म्हणतात असंच लवकर पोटात जातं. मी चमच्यानं भरवायला गेले की तोंड मिटतो, चमचा चावून धरतो. चार दिवसांतनं एकदा शी होते. फिटचं औषध चालू आहे. घरचे म्हणतात, पोरगं हट्टी आहे आणि तुझा हात कडक आहे. वजन वाढायला कुठलं टॉनिक द्यावं?"

ताई, टॉनिकचं उत्तर आधी देऊन टाकतो: आत्ता कुठलंच नको. टॉनिक भूक वाढवेल, आणि तुमच्या मुलाला भूक आहेच. अडतंय ते घास तोंडातून पोटापर्यंत पोचण्यात. ठसका, तीन न्यूमोनिया, सव्वा तासाचं जेवण आणि 11 किलो वजन ही तुम्ही चार दुखणी म्हणून लिहिलीत. आम्हाला ती एकच दिसतात. अन्नाचा काही भाग अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जात असावा. याची दुरुस्ती ताटापासून सुरू होत नाही, बसण्यापासून होते. आणि मुलगा हट्टी नाही. घास आत गेला की जीव घुसमटतो हे ज्याला कळतं, तो तोंड मिटणारच.

एक काम मात्र या आठवड्यातच करा. पाच वर्षांच्या मुलाचं वजन सरासरी 18 किलोच्या आसपास असतं, 14 किलोच्या खाली ते कमी धरतात. सेरेब्रल पाल्सीची मुलं अंगानं लहान असतात हे खरं, पण 11 किलो आणि वर्षभरात तीन न्यूमोनिया याला "अंगकाठीच तशी" म्हणून सोडता येत नाही. बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि स्पष्ट शब्दांत विचारा: गिळण्याची तपासणी कुठे करायची? हे काम स्पीच थेरपिस्टचं. स्पीच थेरपिस्ट म्हणजे बोलायला शिकवणारे एवढंच आपल्याकडे माहीत असतं, पण ओठ, जीभ आणि घसा यांचं खाण्याचं कामही तेच बघतात. गरज वाटली तर व्हिडिओफ्लुरोस्कोपी सांगतील. त्यात बेरियम मिसळलेला घास गिळताना चालता एक्स-रे घेतात आणि घास कुठल्या नळीत जातो ते पडद्यावर दिसतं. ही तपासणी महत्त्वाची अशासाठी की काही मुलांना अन्न फुप्फुसात गेलं तरी ठसका लागतच नाही. ठसका हा शरीराचा पहारेकरी. तोही कधी झोपतो. म्हणून ठसका थांबला म्हणजे सुधारणा झाली असं लगेच समजू नका. घासानंतर आवाज ओलसर, गुळण्या केल्यासारखा येणं, श्वास जोरात चालणं, ओठांभोवती रंग बदलणं, जेवणानंतर तासाभरात कणकण येणं या खुणाही बघत जा.

आता आडवं घेऊन पाजण्याविषयी. स्वतःवरच करून बघा, सासूबाईंनाही करायला सांगा. मान मागे टाकून छताकडे बघा आणि थुंकी गिळा. मग मान सरळ करून, हनुवटी किंचित खाली घेऊन पुन्हा गिळा. पहिल्या वेळी घसा ताणला जातो, गिळणं अवघड होतं. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं आणि श्वासनलिकेचं तोंड झाकलं जातं; मान मागे असली की हे उचलणं अर्धवट होतं आणि वाट उघडी राहते. ज्याच्या स्नायूंवर आधीच ताबा नाही, त्याला आडवं करून बोंडल्यानं पेज सोडली तर ती नुसत्या उतारानं घशात जाते. जीभ आणि ओठांना काही करायला वेळच मिळत नाही. सासूबाई म्हणतात "लवकर जातं", ते खरंच आहे. लवकर जाणं हाच धोका आहे. आणि "नाक दाबलं की तोंड उघडतं" ही म्हण जेवणाच्या वेळी घरात कुणी अमलात आणत असेल तर ते आजपासून बंद. नाक दाबलेलं मूल तोंडानं श्वास ओढतं, त्या श्वासाबरोबर घासही ओढला जातो.

बैठकीचं सूत्र असं: कंबर, गुडघे आणि घोटे, तिन्ही ठिकाणी काटकोन. सुरुवात नेहमी कंबरेपासून. डोकं सरळ करायच्या नादात आपण कंबर विसरतो, आणि कंबर पुढे घसरली की अख्खं अंग धनुष्यासारखं ताठतं, मान मागे जाते, जबडा उघडा पडतो. तुम्हाला जो हट्ट वाटतो तो बरेचदा हा ताठपणा असतो.

सुतार गाठा. पावसाळ्यात साधं प्लाय फुगतं, म्हणून वॉटरप्रूफ प्लाय सांगा, 18 किंवा 19 मिमी जाडीचं. माप मुलाला बसवून घ्यायचं, झोपवून नाही. ढुंगणाच्या मागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत मोजा आणि त्यातून दोन बोटं वजा करा. समजा 24 सेंमी भरलं, तर बैठकीची खोली 21-22 सेंमी. खोली जास्त झाली तर कड लवणीला टोचते, मूल पुढे सरकतं आणि सगळी मेहनत फुकट जाते. घरी केलेल्या खुर्च्यांत ही चूक सगळ्यात जास्त दिसते, कारण "वाढतं अंग आहे, थोडी मोठीच करू" असं कुणीतरी म्हणतंच. वाढीची सोय हवी असेल तर पाठीमागे काढता येणारी फळी लावा. अंग वाढलं की फळी काढायची. रुंदी कंबरेपेक्षा दोन-तीन सेंमी जास्त, त्याहून नको. लवणीपासून टाचेपर्यंतचं माप ही बैठकीची पायफळीपासूनची उंची. पाय अधांतरी लोंबकळत राहिले तर जबडाही स्थिर राहत नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण पायाखाली फळी आली की चावणं सुधारतं.

बैठकीच्या पुढच्या कडेला फळीखाली पाचर घालून पुढची बाजू मागच्यापेक्षा अडीच-तीन सेंमी उंच करा. मांड्या किंचित वर राहिल्या की अंग ताणून पुढे घसरण्याची सवय मोडते. मांड्या एकमेकांवर येत असतील तर मध्ये गुडघ्यांच्या बाजूला फोम गुंडाळलेला एक खुंट, जांघेपासून चार बोटं दूर. खुंट मांड्या फाकवायला असतो, घसरणं अडवायला नाही. घसरणं अडवायचं ते पट्ट्यानं. पट्टा पोटावरून नको, मांडी आणि पोट मिळतात त्या घडीवरून, खाली मागे 45 अंशांत ओढलेला. पोटावर पट्टा आवळला की जेवण वर येतं. पट्ट्यासाठी जुन्या दप्तराचा बंद चालतो, पण बक्कल भक्कम हवं. कोल्हापुरात चप्पल लाईनमधल्या एखाद्या कारागिराकडून रेक्झिन आणि पट्टी शिवून घेतली तर वर्षानुवर्षं टिकते; पायाची फळी खालीवर करायची लोखंडी पट्टी हवी असेल तर उद्यमनगरातल्या कारखान्यांत भोकं पाडून मिळेल.

मान धरत नाही म्हणून पाठ डोक्याच्या वरपर्यंत घ्या आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोमची उशी लावा. मागून डोक्याला हातानं पुढे ढकलू नका. डोक्याच्या मागच्या फुगवट्यावर दाब पडला की मूल उलट मागे रेटतं. आधार द्यायचा तो मानेच्या बुडाशी, कवटी आणि मान जिथे मिळतात तिथे. तरीही डोकं पुढे पडत असेल तर खुर्चीच्या पुढच्या पायांखाली चार-पाच सेंमीची पट्टी घालून अख्खी खुर्ची जराशी मागे कलती करा. कंबरेचा काटकोन तसाच राहिला पाहिजे, हनुवटी किंचित खालीच. किंचित म्हणजे किंचित. हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडतो. पुढे कोपराच्या उंचीचा ट्रे, त्यावर दोन्ही हात. तयार खुर्ची फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवा. नितंबाचा सांधा सरकलेला असेल तर मापं बदलतात, आणि मान न धरणाऱ्या मुलांत तो सरकण्याची शक्यता बरीच असते.

खुर्ची होईपर्यंत काय? प्लास्टिकची लहान खुर्ची खोलीच्या कोपऱ्यात घट्ट बसवा. टॉवेलच्या घट्ट गुंडाळ्या दोन्ही कुशींना, एक गुंडाळी गुडघ्यांखाली, पायांखाली पाट. आठ-दहा दिवस निभतात.

आता तुम्ही कुठे बसता ते बघा. उभं राहून किंवा उंच खुर्चीवरून भरवलं तर मूल तुमच्याकडे बघायला मान वर करतं, आणि आपण परत छताकडे बघण्यापाशी येतो. तुमचे डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीत किंवा एखादी वीत खाली हवेत. जमिनीवर बसा, तो खुर्चीत. चमचा समोरून, खालून आला पाहिजे. टीव्ही बंद. कुकरचा गॅसही त्या वेळेपुरता बंद ठेवा: शिट्टी झाली की ही मुलं दचकतात, दचकली की हात पसरतात, मान मागे जाते आणि तोंडातला घास नको तिथे जातो. सोपी गोष्ट आहे, पण स्वयंपाकघरातच भरवत असाल तर रोज दोन-तीनदा होत असणार.

चमचा उथळ आणि सपाट घ्या, काठ जाड असलेला, सिलिकॉनचा मिळाला तर उत्तम. स्टीलचा चमचा दातांना लागला की जबडा आपोआप आवळतो. त्याच्या मनात नसतं, ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे. अशा वेळी चमचा ओढू नका. ओढला की आणखी घट्ट चावेल, दातही दुखावतील. थांबा, डोकं किंचित पुढे येऊ द्या, कंबर परत मागे बसवा. काही क्षणांत पकड सैल होते. डिस्पोजेबल प्लास्टिकचा चमचा कधीच नको, तुकडा तुटून घशात जातो.

घास अर्धा चहाचा चमचा, म्हणजे दोन-अडीच मिली. चमचा जिभेच्या मध्यावर ठेवून हलकेच खाली दाबा आणि थांबा. वरचा ओठ खाली यायची वाट बघायची. ओठानं घास पुसून घेतला की चमचा सरळ बाहेर. आपण सवयीनं चमचा वर उचलून वरच्या दातांवर खरवडतो. त्यामुळे घास टाळूला चिकटतो, डोकं मागे जातं आणि ओठाला काही शिकायला मिळत नाही. जबडा फार उघडत असेल तर बाजूला बसून तुमचा हात त्याच्या मानेमागून आणा: अंगठा गालावर कानाजवळ, तर्जनी खालच्या ओठाच्या खाली, मधलं बोट हनुवटीच्या खाली. दाब नाही, नुसता आधार. मग गळ्याकडे बघा. गळ्याचा उंचवटा वर जाऊन खाली आला म्हणजे एकदा गिळलं. बऱ्याच मुलांना एका घासाला दोनदा, तीनदा गिळावं लागतं. तोंड रिकामं झाल्याशिवाय पुढचा घास नाही. सुरुवातीला यानं वेळ वाढल्यासारखं वाटेल. ठसक्यांत आणि थोपटण्यात जाणारा वेळ वाचतो, म्हणून शेवटी तो कमीच लागतो.

अन्नाकडे येऊ. या मुलांना सगळ्यात अवघड काय, तर पाण्यासारखं पातळ आणि दोन तऱ्हांचं एकत्र. पातळ पदार्थ घशात इतक्या वेगानं पोचतो की वाट झाकायला सवड मिळत नाही. आणि रस्सा-भातात रस्सा आधी पळतो, भाताची शितं मागे राहतात. तोंडाला दोन वेगळी कामं एकाच वेळी करावी लागतात. या हिशेबानं आपली मिसळ हा जगातला सगळ्यात कठीण घास म्हणावा लागेल: पातळ कट, मोड आलेली मटकी, कुरकुरीत फरसाण, सगळं एका चमच्यात. भडंग, शेंगदाणे, चिक्की, अख्खी द्राक्षं, जेली हे तर पूर्ण बंद. तांबडा-पांढरा घरात झाला आणि त्याच्या तोंडाला चव द्यावीशी वाटली (द्यावीच, कोल्हापूरच्या पोरानं आयुष्यभर बिनचवीची पेज का खायची?) तर पांढरा रस्सा मऊ भातात घालून, एकजीव करून द्या. चवीची जाणीव झाली की तोंड जागं होतं. तिखटजाळ तेवढं नको, त्यानं खोकला येतो.

एकजीव करायला मिक्सर नव्हे, पुरणयंत्र. मिक्सरमध्ये भात किंवा बटाटा फिरवला की त्याची खळ होते, ती टाळूला आणि घशाला चिकटते. पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून काढलेली खिचडी मऊ राहते, दाणा राहत नाही. इंद्रायणी किंवा आजरा घनसाळसारखा मऊ तांदूळ बरा. प्रमाण: दोन भाग तांदूळ, दीड भाग मुगाची डाळ, भरपूर पाणी, कुकरमध्ये मऊ शिजवून पुरणयंत्रातून काढा, मग वरून तूप. पाच मिली तुपाच्या चमच्यात साधारण 40 कॅलरी असतात. पातळ पेजेच्या एका वाटीत पन्नासेक कॅलरीच असतात. 20 ग्रॅम तांदूळ, 15 ग्रॅम डाळ आणि दोन चमचे तूप घातलेल्या तेवढ्याच वाटीत जवळजवळ 200. त्याला तेवढंच गिळून चौपट मिळतं. वजनाचं टॉनिक म्हणाल तर ते हे. मात्र इतक्या अशक्त मुलाचा आहार एकदम वाढवायचा नाही. किती वेगानं वाढवायचा ते डॉक्टरांकडून घ्या. चमच्याची परीक्षा अशी: भरलेला चमचा तिरपा केला की गोळा एकसंध घसरून पडला पाहिजे. ओघळला तर पातळ, चिकटून राहिला तर घट्ट.

पाणी, दूध, आमटीसाठी घरातली एक मोजणी आहे. औषधाच्या दुकानातून 10 मिलीची सिरिंज आणा, जिच्या 0 ते 10 खुणांमधलं अंतर 61.5 मिमी असेल. कंपनीप्रमाणे हे बदलतं, म्हणून पट्टीनं मोजा. सुई काढा, दट्ट्या काढा, खालच्या तोंडावर बोट ठेवून 10 च्या खुणेपर्यंत भरा. बोट सोडा, 10 सेकंदांनी परत लावा. आत 1 मिलीपेक्षा कमी उरलं तर ते पाण्याइतकं पातळ. 1 ते 4 उरलं तर किंचित दाट, 4 ते 8 त्याहून दाट, 8 च्या वर बऱ्यापैकी घट्ट. तपासणी होईपर्यंत 4 ते 8 च्या दरम्यान ठेवा, पुढे थेरपिस्ट सांगतील तसं. एक वाटी म्हणजे 200 मिली पाण्याला दोन सपाट मोठे चमचे नाचणीचं पीठ, पाच-सात मिनिटं शिजवून, ही सुरुवात. पीठ दळण्यावर फरक पडतो. आणि मोजणी कोमट झाल्यावर करा, गरम असताना केली तर फसाल, कारण निवल्यावर आंबील घट्ट होते.

एक गंमत इथे अनेकांच्या लक्षात येत नाही. सुरुवातीचे घास नीट जातात आणि वाटीच्या तळाशी आल्यावर ठसका लागतो. घरच्यांना वाटतं, पोट भरलं, आता नाटकं करतोय. होतं असं, की लाळेत पिष्ट पचवणारा रस असतो. लाळ लागलेला चमचा परत परत वाटीत बुडाला की तांदळाची, नाचणीची पेज हळूहळू पातळ होत जाते. तळाशी उरते ती जवळजवळ पाण्यासारखी. उपाय सोपा: मोठ्या वाटीतून छोट्या वाटीत चार-पाच चमचे काढून घ्या, ते संपले की नवीन, स्वच्छ चमच्यानं. उरलेलं परत ओतायचं नाही.

प्यायला सिपर आणि बोंडलं दोन्ही नको. मऊ प्लास्टिकच्या छोट्या पेल्याच्या काठाला एका बाजूनं इंग्रजी यू अक्षरासारखी खाच कापा, कड घासून गुळगुळीत करा. खाच नाकाच्या बाजूला येते, त्यामुळे पेला उचलला तरी नाक आडवं येत नाही आणि मान मागे टाकावी लागत नाही. एका वेळी एकच घोट.

दुधाबद्दल: गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध पाजलं की पोर धरतं, असा सल्ला तुम्हाला नक्कीच मिळाला असेल. याला न उकळलेलं दूध नको. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस, क्षय यांचे जंतू येऊ शकतात, शिवाय ते पातळ. उकळा, आंबील त्यात शिजवा, मग हवं तेवढं म्हशीचं द्या.

बद्धकोष्ठतेकडे दुर्लक्ष करू नका; चार दिवसांची शी पोटात असेल तर भूक कुठून लागणार? 11 किलोच्या मुलाला दूध, आंबील, आमटी धरून दिवसाला साधारण एक लिटर पातळ पदार्थ लागतात. ठसक्याच्या भीतीनं घरोघरी ते अर्ध्यावर येतात. सकाळी एक लिटरची बाटली भरून ठेवा, जे द्याल ते त्यातून मोजून वापरा, रात्री किती उरलं ते दिसेल. जेवणानंतर 15-20 मिनिटांनी, आतडं आपोआप हलतं तेव्हा, आधाराच्या पॉटीवर पाय टेकवून पाच-दहा मिनिटं बसवा. रेचक डॉक्टरांनी दिलेलंच. लिक्विड पॅराफिन किंवा एरंडेल तोंडावाटे कधीच नाही, आणि नाकात तेल सोडणंही बंद. तेलाचा थेंब फुप्फुसात गेला तर खोकून बाहेर येत नाही, तिथेच राहून वेगळ्याच प्रकारचा न्यूमोनिया करतो. घरातल्या मोठ्यांना हे पटवणं अवघड जातं, पण इथे तडजोड नको.

फिटच्या औषधाचं नाव तुम्ही लिहिलं नाही. व्हॅलप्रोएटची आवरण असलेली किंवा दीर्घ परिणामाची गोळी असेल तर ती कुटून देऊ नका; पातळ औषध मागा. औषध पूर्ण वाटीत मिसळू नका, अर्धी वाटी उरली तर अर्धं औषध उरलं. पहिल्या एका चमच्यात द्या. फिनिटॉईन असेल तर हिरड्या फुगतात, म्हणून दात घासणं दुप्पट महत्त्वाचं. तसंही दोनदा घासायचेच, डोकं पुढे झुकवून, वाटाण्याएवढी पेस्ट, फेस कापडानं पुसून घेत. लाळ फुप्फुसात जातेच. तोंड स्वच्छ असेल तर तिच्याबरोबर जाणारे जंतू कमी. गुंगीत किंवा फिट येऊन गेल्यावर पूर्ण जागा होईपर्यंत काही भरवू नका. जेवताना फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, बोटही नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवून फिट थांबत नाही, कोल्हापुरी असली तरी. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108. आणि घास अडकून आवाज, श्वास बंद झाला तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच जोरदार थाप, तरी निघालं नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब, असं आलटून पालटून. तोंडात न दिसणारा घास बोटानं शोधायचा नाही. एकदा नर्सकडून प्रत्यक्ष शिकून घ्या.

वेळ घड्याळ लावून पाळा: एक जेवण 30 मिनिटं, त्यापुढे थांबा. थकलेलं मूल धोक्यानं गिळतं, आणि शेवटच्या अर्ध्या तासात पोटात जाण्यापेक्षा जास्त शक्ती खर्च होते. दिवसात तीनऐवजी पाच-सहा वेळा. नंतर अर्धा तास बसलेलाच ठेवा. जेवणानंतर पाठ कमानीसारखी वाकवून रडत असेल तर अन्न वर येत असेल, डॉक्टरांना सांगा. त्यालाही औषध आहे. वजन महिन्यातून एकदा: तुम्ही त्याला घेऊन काट्यावर, मग एकट्या, वजाबाकी.

हे सगळं नीट होऊनही वजन हललं नाही किंवा न्यूमोनिया परत झाला तर डॉक्टर नळीनं अन्न देण्याचं नाव काढतील. दचकू नका. काही आठवड्यांसाठी नाकातून, जास्त काळ लागणार असेल तर पोटावरून थेट जठरात. त्यातून अन्न, पाणी, फिटचं औषध सगळं जातं. तोंडानं चव देणं थेरपिस्ट सांगतील तेवढं चालू ठेवता येतं. नळी म्हणजे आईनं हात टेकले असं नाही. उलट दिवसाचे चार-पाच तास भरवण्यातून सुटतात, ते त्याच्याशी खेळायला मिळतात.

सासूबाईंशी भांडू नका. पाच वर्षं त्यांनी पायांवर घेऊन जगवलंय, त्यांना "तुमचं चुकलं" असं सांगायची गरज नाही. छताकडे बघून थुंकी गिळायचा प्रयोग त्यांच्याकडून करून घ्या, आणि पुरणयंत्र त्यांच्या हातात द्या. चमच्यावरून गोळा घसरतो की ओघळतो, हे तुमच्या-आमच्यापेक्षा त्यांच्या नजरेला लवकर कळेल. थेरपिस्टकडे जाताना त्यांनाच बरोबर घ्या.

कागदपत्रांचं झटकन. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सी आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) नसेल तर ऑनलाइन अर्ज करा आणि तपासणीसाठी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक योजना लागू होतात. तिथेच शून्य ते 18 वयाच्या मुलांसाठीच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा, फिजिओ आणि स्पीच थेरपीची सोय तिथून सुरू होते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीचाही, आणि आधी आजार आहे म्हणून नकार नाही. पुढच्या वर्षी तो सहा वर्षांचा झाला की 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क लागू होतो. शाळेत जेवणाची खुर्ची आणि सिरिंजची मोजणी हे दोन्ही बरोबर द्या.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी एक करा. मोबाइल स्टूलवर बाजूला टेकवून ठेवा, मुलाचं डोकं, गळा आणि छाती तिन्ही चौकटीत येतील असा, आणि जेवणाची पहिली दोन व शेवटची दोन मिनिटं टिपा. दवाखान्यात अनोळखी खोलीत तो घरच्यासारखा खाणार नाही. एका वहीत चार दिवसांचं लिहून न्या: काय दिलं, किती मिली, किती मिनिटं, किती ठसके, शी कधी. व्हिडिओ समोरून घेतला तर तुमचा हात आड येतो आणि गळा दिसत नाही, म्हणून बाजूनंच.